पावसासाठी ठेवलेला रकाना

कौसाआत्यांचं नाव आधी लिहिते. परीक्षेचं, मुगाचं आणि माझं त्यामागून. हा क्रम चुकला तर आत्यांच्या शेजारच्या रेखावहिनी म्हणतील, "शिकली आन् इसरली." आत्या स्वतः काही म्हणणार नाहीत, नुसत्या बघतील, आणि ते जास्त अवघड असतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेपासून कोसभर आत वाडी आहे, तिथं राहतात. सात बायकांची टोळी घेऊन लोकांच्या रानात खुरपणी, तोडणी, काढणी करतात. अक्षरं सहीपुरती येतात. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कसा आखायचा, हे मला त्यांनी शिकवलं.

आज हे आठवायला कारण झालं ताटातलं. मी आता घरापासून दीड दिवसाच्या रेल्वेवर, समुद्राजवळच्या एका शहरात शिकते. इथं तांदळाचं पीठ नळकांड्यात वाफवून देतात आणि बरोबर अख्ख्या हिरव्या मुगाची पातळ उसळ. सकाळी मेसमध्ये घास घेतला आणि एक न शिजलेला दाणा दाताखाली आला. कच्च्या मुगाची ती हिरवी, किंचित तुरट चव. तारीख बघायची गरज पडली नाही. तिकडं भादवा लागला असणार. शेंगा काळ्या पडायला लागल्या असणार. आत्या संध्याकाळी कुणाच्या तरी बांधावर उभ्या राहून एखादी शेंग चिमटीत दाबून बघत असणार.

समोर बसलेल्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नथिंग. हा एक शब्द मला आता फार चांगला बोलता येतो.

मूग तोडतात सकाळी. शेंगेवर दहिवर, म्हणजे दव, असतं तोवरच. दहा-साडेदहाचं ऊन चढलं की वाळलेली शेंग हात लावताच तडकते आणि दाणे मातीत उडतात. म्हणून दिवस उजाडायच्या बेताला बायका रानात. लुगड्याचा पदर खोचून ओटी केलेली, तिच्यात शेंगा पडत राहतात, ओटी जड झाली की बांधावरच्या गोणीत रिकामी करायची. शेंगेवर बारीक लव असते, ती मनगटाला टोचते, नंतर दुपारभर हात खाजत राहतात. बोटांची टोकं काळी-हिरवी होतात आणि साबणानं जात नाहीत. त्या वर्षी आत्यांकडं राहून मी इंग्रजीचे जेवढे उतारे वाचले, त्या सगळ्या पानांच्या कोपऱ्यांवर मुगाचे डाग आहेत. ती वही इथं माझ्या कपाटात आहे. वर्गातल्या कुणाला अजून दाखवली नाही.

मी लोहाऱ्याकडची. नववीत असताना आईचा हात मोडला. घरातलं कुणीतरी बघायला हवं म्हणून मी दोन महिने शाळेत गेले नाही. दोन महिन्यांनी हात बरा झाला, पण वर्ग इतका पुढं गेलेला की परत जाऊन बसायची लाज वाटली. कुणी मला शाळेतून काढलं नाही, कुणी जुलूम केला नाही. मी मागं पडले आणि मागं वळून कुणी बघितलं नाही, एवढंच. पुढं पुण्याकडच्या एका गोदामात माल बांधायला लागले. तिथून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. माल बांधणारी मी माल पाठवायच्या टेबलावर आले. एका वर्षी एमबीए झालेला एक मुलगा शिकाऊ म्हणून आला. कुठली गाडी कधी लावायची, कुठला माल आधी चढवायचा, सगळं त्यानं माझ्याकडून शिकून घेतलं. सहा महिन्यांनी तो माझा साहेब झाला. चांगला मुलगा होता. तरी त्या दिवशी जेवणाचा डबा मी न उघडताच परत नेला.

तर परीक्षा द्यायची ठरलं. मॅनेजर म्हणाले, बिनपगारी रजा घे, दिवाळीनंतर परीक्षा देऊन परत ये, पण तोवर तुझं टेबल मी रिकामं ठेवू शकत नाही. म्हणजे एकच डाव होता. नंबर लागला तर पुढचं आयुष्य, नाही लागला तर टेबलही गेलं आणि पुन्हा माल बांधायची रांग. लोहाऱ्याला भावाचं घर दोन खोल्यांचं, त्यात त्याची लहान मुलं. आत्यांचा फोन आला, "हिकडं ये. तुज्या वाटणीची भाकर काय मला जड न्हाय. बसायला विहार हाय, दुपारच्याला तिथं कुणी नसतंय."

मी वेळापत्रक घेऊनच गेले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चार रंगांच्या पेनांनी आखलेलं. गणित निळं, तर्क हिरवा, इंग्रजी लाल, आणि उजळणी जांभळी. सकाळी पाचपासून एकही रकाना रिकामा नाही, रविवारसुद्धा नाही. मला ते फार देखणं वाटायचं. तिसऱ्या दिवशी एक गणित अडलं आणि निळं काम हिरव्यात शिरलं. मी पुन्हा आखलं. सहाव्या दिवशी वाडीत लग्नाची बोलणी होती, विहारात माणसं बसली, दिवस गेला. मी पुन्हा आखलं. पंधरा दिवसांत माझा सगळ्यात जास्त अभ्यास वेळापत्रकाचा झाला होता. रेखावहिनी, म्हणजे आत्यांच्या शेजारच्या आणि टोळीतल्या सगळ्यात तिखट जिभेच्या, मला बघितलं की विचारायच्या, "म्याडम, आज कंच्या रंगाचा दिवस हाय?"

चौथ्यांदा आखत होते तेव्हा आत्या भाकरी थापता थापता उठून आल्या. पिठाचे हात पाठीमागं धरून, वाकून, त्यांनी ते कागद बराच वेळ बघितले. मला वाटलं, रंग आवडले.

"ह्यात पावसाला जागा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"पावसाचा काय संबंध, आत्या? मी घरात बसून वाचणार."

"पाऊस म्हंजी पाऊसच आसतो व्हय? ताप येतो. पावणे येत्यात. लाईट जाती. एखाद्या दिशी मन लागत न्हाय. तू तर तशा कशाला जागाच ठिवली न्हाय. मंग ते तुज्या निळ्यावर यिऊन बसतंय."

आत्यांची स्वतःची आखणी कुठं लिहिलेली नव्हती. सुगी लागली की रोज संध्याकाळी त्या चार-पाच रानं फिरून यायच्या. शेंग दाबायच्या, दाणा चावायच्या, आभाळाकडं बघायच्या आणि परत येऊन सांगायच्या, पाटलांच्यात परवा, खालच्या रानात त्याच्या दुसऱ्या दिशी, आणि मग एक दिवस मोकळा. तो मोकळा दिवस त्या कुणालाच द्यायच्या नाहीत. शेतकरी हात जोडायचे, तरी नाही. "पाऊस आला तर त्यो पावसाचा. न्हाय आला तर मागं राहिलेल्याचा." पावसाचा दिवस हातात नसलेली टोळी आठवड्यात तोंडघशी पडते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मी पाचव्यांदा आखलं आणि ते शेवटचं. तीन दिवस पुढचं, चौथा मोकळा. पेन एकच, काळं. सकाळी दहा-साडेदहापर्यंत टोळीबरोबर रानात, कारण नुसतं बसून खाणं मला जमेना. मग आंघोळ, भाकरी, आणि विहाराच्या ओसरीवर दिवस मावळेपर्यंत. जाणारी-येणारी म्हातारी माणसं "जय भीम, बाई, चालू द्या" म्हणून आवाज न करता जायची. लांब हायवेवर ट्रकांची घरघर असायची, तिची इतकी सवय झाली की आता इथं शांततेत मला वाचायला सुचत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गात सर काम आखण्याबद्दल शिकवत होते. कामांच्या साखळीत थोडा वेळ रिकामा का सोडायचा, असं त्यांनी विचारलं. कुणी खर्चाचं सांगितलं, कुणी धोक्याचं. माझ्याकडं बघितल्यावर तोंडातून निघून गेलं, "रेन, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत, म्हणाले, समजावून सांग. मोडक्या इंग्रजीत मी मुगाची तोडणी सांगितली. पाच मिनिटं बोलले असेन. धाकधूक होतीच, पण काय बोलायचं ते पक्कं माहीत होतं. वर्गात आलेल्या धाकधुकीचं असंच आहे, ती जात नाही, फक्त तिच्या शेजारी माहिती येऊन बसते.

आखणी जमली तरी पेपर जमत नव्हता. धाराशिवला एका अभ्यासिकेत कॉम्प्युटरवर सराव परीक्षा व्हायच्या. पहिल्या वेळी मी चौथ्या गणितापाशी अडले आणि तिथंच बसून राहिले. वेळ संपल्यावर स्क्रीन आपोआप बंद झाला तेव्हा पुढची निम्मी गणितं मी वाचलीसुद्धा नव्हती. एसटीनं परत येताना मी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रानात रेखावहिनींनी विचारलं, "कशापायी अडली गाडी?"

मी सांगितलं. एक काम आहे, ते पहिला माणूस एकटा बारा दिवसांत करतो, दुसरा पंधरा, तिसरा वीस, तर तिघं मिळून किती दिवसांत.

"तिघांत बाई एक बी न्हाय?"

"न्हाय."

"मंग कशाचं उरकतंय."

बायका हसल्या. आत्या हसल्या नाहीत. माझ्या शेजारच्या ओळीत होत्या, हात चालूच होते. "एका गणितापाशी किती येळ बसलीस?"

"वीस मिनिटं."

"का?"

मला जरा रागच आला. कारण ते त्यांनीच शिकवलेलं होतं. आषाढात मी आले तेव्हा सोयाबीनची खुरपणी चालली होती. खुरपणीत प्रत्येक बाई आपल्यापुढच्या ओळी धरते, तिला पात म्हणतात. पात अर्धी सोडून उठायचं नाही, गवताचं एक काडं मागं ठेवायचं नाही, आणि बांधाला पोचल्याशिवाय मान वर करायची नाही. जी मागं राहील तिची पात पुढं गेलेल्या बायका परत येऊन ओढून घेतात, पण जिनं गवत सोडलं तिला आठ दिवस टोमणे. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता, आत्या, पात अर्धी सोडायची न्हाय. गणित अर्धं टाकून पुढं कशी जाऊ?"

"ती खुरपणीची पात. आज काय करायलीस?"

"मूग तोडायले."

त्यांनी माझ्या मागच्या झाडाकडं बोट केलं. "ती शेंग का सोडलीस?"

"हिरवी आहे. पिकली न्हाय अजून."

"मंग तिच्यापाशी वीस मिनिटं बसलीस का?"

ओटीतल्या शेंगांचं ओझं एकदम जाणवलं.

"पयल्या तोड्याला काळ्या घ्यायच्या," आत्या म्हणाल्या. "हात लावला की येणाऱ्या. सगळं रान हिंडून यायचं. हिरवीचा राग धरायचा न्हाय, तिला वढायचं बी न्हाय. वढली तर झाड उपटतंय. ती दुसऱ्या तोड्याला येती. न्हायच आली तर जनावराला जाती. त्याला काय पाप म्हणत न्हाईत."

आमच्यासारख्या माणसांकडूनच ही चूक होते, असं मला नंतर वाटत राहिलं. हातचं काम अर्धं सोडणं म्हणजे लाज, हे इतकं आत रुजलेलं असतं की कागदावरचं एक गणितसुद्धा पुरं खुरपून काढल्याशिवाय उठवत नाही. क्लास लावून आलेली मुलं पहिल्याच दिवशी प्रश्न सोडायला शिकतात. मला ते शिकायला मुगाचं रान लागलं. त्यानंतर मी प्रत्येक पेपरात आधी एक फेरी मारायची. वाचायचं, चिमटीत दाबून बघायचं, काळी असेल तर ओटीत, हिरवी असेल तर पुढं. आधी सोडताना हात जड व्हायचा. मग हलका होत गेला.

तिसरी सराव परीक्षा ज्या दिवशी होती, त्याच दिवशी आत्यांच्या स्वतःच्या रानाची पाळी होती. आत्यांचं रान पाऊण एकर. लोकांची तोडणी आधी, आपली शेवटी, हा त्यांचा नेम. आपल्या रानात त्या बायकांना मजुरीनं बोलवत नाहीत, सावडीनं बोलवतात. म्हणजे आज सगळ्या माझ्यात या, उद्या मी तुमच्यात येते. सावडीत घरच्या माणसानं पहिली पात धरायची असते. घरातलं एखादं माणूस रानात नाही आणि बाहेरच्या बायका वाकल्यात, हे बरं दिसत नाही. सकाळी आभाळ भरून आलं होतं. शेंगा पुऱ्या काळ्या झालेल्या. त्या भिजल्या तर शेंगेतच मोड फुटतात, मग तो मूग विकायला चालत नाही.

मी बॅग खाली ठेवली. म्हटलं, "मी जात न्हाय आज."

"पेपर उंद्याला ढकलता येतो व्हय?"

"न्हाय."

"मंग जा. येरमाळ्याला आठची गाडी घावंल."

"मूग?"

"मुगाचं म्या बघते."

धाराशिवला दुपारी खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि मी आत पहिला तोडा, दुसरा तोडा करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला लागेल एवढे गुण पडले. संध्याकाळी भिजत परत आले तर घरात, ओसरीवर, विहाराच्या फरशीवर, सगळीकडं ताडपत्र्या आणि त्यांच्यावर शेंगा पसरलेल्या. ओल्या चाऱ्यासारखा वास. आत्या त्या हातानं चाळत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी एकच विचारलं, "किती सोडलेस?"

सगळं जग विचारतं, किती सोडवलेस. त्यांनी विचारलं, किती सोडलेस.

"चौदा."

"मंग नीट झालं."

तिसऱ्या दिवशी ताटात मोडाच्या मुगाची उसळ आली. चौथ्या दिवशीही. मी म्हटलं, आत्या, रोज मूग कधी भिजत घालता? त्या म्हणाल्या, "यंदा देवानंच भिजवून दिलाय. माजं काम वाचलं." आणि दुसरीकडं बघितलं. खरं रेखावहिनींकडून कळलं. पाऊस आला तेव्हा निम्मं रान झालं होतं, पुढचं बायकांनी भिजत तोडलं. काही शेंगा भिजल्याच, आणि खालच्या अंगाच्या चार ओळी तर तशाच उभ्या राहिल्या. माझ्या वाटणीच्या. एका माणसानं सगळं वाचलं असतं असं नाही, पण चार ओळी नक्की वाचल्या असत्या.

"म्या म्हणलं तवा," रेखावहिनी सांगत होत्या, "घरची पोर न्हाय आन् आमी वाकायचं व्हय? तर कौसाबाय म्हणती, ती बी तोडायलाच गेली. रान दुसरं हाय."

परीक्षेच्या दिवशी मला हेच वाक्य आठवत होतं. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा, तो हॉल भरलेला, शेजारी बसलेल्या मुलाचं गुडघा हलवणं. मी पहिली फेरी मारली. काळी, काळी, हिरवी, पुढं. इंग्रजीच्या शेवटच्या उताऱ्यात तीन ओळी कळल्या नाहीत. राग धरला नाही. बाहेर पडले तेव्हा नंबर लागेल की नाही हे माहीत नव्हतं, पण रान सगळं हिंडून झालं होतं एवढं माहीत होतं.

निकाल लागला तेव्हा आत्या ज्वारीच्या काढणीत होत्या. फोनवर मागं बायकांचा गलका. मी सांगितलं, लागला नंबर, मुलाखत होईल, मग लांब जावं लागेल. "लागला व्हय? बरं झालं," त्या म्हणाल्या. "किती सोडले व्हतेस?" आकडा सांगितला. गलक्यात तो त्यांना ऐकू गेला की नाही कुणास ठाऊक. मग रेखावहिनींनी फोन घेतला. मी म्हटलं, वहिनी, आत्यांना काय घेऊ? लुगडं घेऊ का चांगलं? "घे की. पर लुगड्यानं सावड फिटत न्हाय, म्याडम. दिसाची सावड दिसानंच फिटती."

सोमवारी इथं माझं पहिलं मोठं सादरीकरण आहे. वीस मिनिटं, इंग्रजीतून, साठ माणसांपुढं. काल दोन परिच्छेद नीट जमत नव्हते, ते बाजूला ठेवून पुढचं केलं. आज सकाळी परत हात लावला तर एक आला. दुसरा अजून हिरवा आहे. त्याच्यासाठी उद्याचा रविवार मोकळा ठेवलाय.

पुढच्या भादव्यात माझं इथलं दुसरं वर्ष असेल, तेव्हा जमणार नाही. त्यापुढच्या भादव्यात मी कुठल्या तरी नोकरीत नवी असेन, नव्या माणसाला रजा मिळत नाही म्हणतात. तरी कॅलेंडर हाती आलं की भादव्यातला एक आठवडा मी आधी रिकामा आखते आणि मग बाकीचं भरते. आज ना उद्या एका वर्षी तो आठवडा माझा होईल. तेव्हा आठची गाडी उलट्या बाजूनं पकडून येईन, आत्या. घरच्याची पहिली पात माझी. खालच्या अंगाच्या त्या चार ओळी दुसऱ्या कुणाला देऊ नका. पहिल्या तोड्याला येईन, आणि दुसऱ्या तोड्यालाही थांबेन.